खोकडाची शिकार : एका हिमचित्राची ओळख

एक तांबूस खोकड बर्फातून वाट काढते आहे. पाय पार बुडालेले, पोट बर्फाला घासते आहे. त्याच्या डोक्यावर पंख पसरून कावळे आले आहेत आणि मागे समुद्राच्या बाजूने आणखी कावळे येत आहेत. एका कडेला बर्फातून वर आलेल्या काटेरी काड्यांवर लाल फळांचे चार ठिपके. वर अंधारलेले आभाळ, त्याखाली करडा समुद्र. माणूस कुठेच नाही. विन्स्लो होमर या अमेरिकी चित्रकाराने १८९३ साली रंगवलेल्या तैलचित्रात एवढेच आहे. पुढची सगळी पाने या एका चित्राविषयी आहेत.

एकाच चित्रासाठी वाचकाचा इतका वेळ मागायचा, तर त्याचे कारण आधी सांगायला हवे. प्राण्यांची चित्रे आपण लहानपणापासून कॅलेंडरांवर, वह्यांच्या वेष्टनांवर, दिवाणखान्यांत पाहत आलो. रुबाबदार वाघ, पिसारा फुलवलेला मोर, पाण्यावर आलेले हरीण. बहुतेक वेळा प्राणी देखणा असतो, मागचे रानही देखणे असते आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. वाघ तसाच उचलून दुसऱ्या रानात बसवला तरी चित्राचे काही बिघडत नाही. होमरच्या चित्रातला बर्फ मात्र काढून पाहा. मोकळ्या जमिनीवरचे खोकड कावळ्यांना केव्हाच हुलकावणी देऊन झाडीत शिरले असते, आणि कावळ्यांनीही त्याच्या वाटेला जाताना दहादा विचार केला असता. तिथे जे घडते आहे ते बर्फामुळे घडते आहे. प्राणी आणि ऋतू यांची अशी गाठ बांधणारी चित्रे थोडी आहेत, आणि माझ्या मते हे त्यांतले सर्वांत खरे आहे.

सुरुवात नावापासून करू. इंग्रजीत या चित्राला ‘द फॉक्स हंट’ म्हणतात. ‘फॉक्स’साठी आपल्याकडे सर्रास कोल्हा म्हटले जाते. द्राक्षे आंबट म्हणणाऱ्या गोष्टीतल्या प्राण्याला आपण कोल्हा केले आणि शाळेच्या पुस्तकांतून तो कायमचा रुजला. आपल्या रानातला खरा कोल्हा वेगळा. तो लांडग्या-कुत्र्यांच्या जवळचा. तिन्हीसांजेला शेताच्या कडेने कुई करणारा. ‘फॉक्स’चा सख्खा भाऊबंद म्हणजे आपले खोकड. पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर ते आजही आहे. अंगाने मांजरापेक्षा थोडेसे मोठे, राखाडी, झुपकेदार शेपटीच्या टोकाला काळा ठिपका. पहाटे माळावर बिळाच्या तोंडाशी बसलेले खोकड ज्याने पाहिले आहे, त्याला होमरच्या चित्रातले ते निमुळते तोंड आणि ताठ कान ओळखीचे वाटतील. उत्तरेकडचे तांबडे खोकड आकाराने बरेच मोठे असते, हिवाळ्यात त्याची लव दाट होते, पाय काळे मोजे घातल्यासारखे दिसतात. पण जात तीच. म्हणून या पुस्तकात सगळीकडे खोकड हाच शब्द ठेवला आहे. वाचकाला पहिली काही पाने तो अडखळवेल, मग सवय होईल.

‘हंट’ या शब्दाची गंमत मात्र मराठीत आपोआप साधते. ‘फॉक्स हंट’ म्हटले की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे लाल कोट घातलेले घोडेस्वार आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांची झुंड येते. होमरच्या प्रेक्षकांनाही तेच अपेक्षित असणार. समोर आले ते भलतेच. आपण ‘खोकडाची शिकार’ म्हणतो तेव्हा खोकडाने केलेली शिकार असाही अर्थ होतो आणि खोकड ज्यात मारले जाते ती शिकार असाही. आपली षष्ठी दोन्ही बाजूंना उघडी असते. चित्राचा विषयही तोच आहे. जन्मभर शिकार करून जगलेला प्राणी आता स्वतः कोणाच्या तरी पोटासाठी हेरला गेला आहे.

होमर इथवर कसा आला हे समजून घेण्यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते. त्याचा जन्म २४ फेब्रुवारी १८३६ रोजी बॉस्टनचा. आई जलरंगांत चित्रे काढणारी. विशीच्या आत तो बॉस्टनच्या एका शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला आणि पुढे ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी चित्रे काढू लागला. अमेरिकेतले यादवी युद्ध सुरू झाल्यावर साप्ताहिकाच्या कामासाठी तो सैन्याच्या तळांवर राहिला. १८६२ सालच्या वसंतात व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनच्या वेढ्याच्या वेळी त्याने एका नेमबाजाच्या बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहिले. पलीकडचा माणूस त्या काचेत स्पष्ट दिसत होता. त्याला मात्र आपल्याकडे कोणी पाहते आहे याची गंधवार्ता नव्हती. त्यातून एक छापील चित्र झाले आणि १८६३ साली ‘शार्पशूटर’ हे तैलचित्र. झाडावर बसलेला, नेम धरलेला सैनिक त्यात आहे. तीसहून अधिक वर्षांनंतर, १८९६ साली, एका पत्रात होमरने ती आठवण लिहिली. सैन्यात पाहिलेल्या गोष्टींत खुनाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आपल्याला ती वाटली, असे त्याने त्यात म्हटले आणि सोबत दुर्बिणीतल्या त्या माणसाचे छोटेसे रेखाटनही काढून दाखवले.

त्या पत्रातली तारीख मला महत्त्वाची वाटते. १८९६ म्हणजे खोकडाच्या चित्रानंतर अवघी तीन वर्षे. ती दुर्बीण त्याच्या मनातून कधीच गेली नव्हती. शिकारीचे चित्र काढायचे तर चित्रकाराने उभे कुठे राहायचे, बंदुकीच्या नळीच्या मागे की पुढे, हा प्रश्न त्याला जन्मभर पुरला.

होमर स्वतः शिकारीच्या रानांत रमणारा माणूस होता. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत एका शिकार-मासेमारीच्या मंडळाचा तो १८८६पासून सभासद होता. तिथे कुत्र्यांकरवी हरीण हाकत तळ्यात उतरवायचे आणि पाण्यात असहाय झाले की होडीतून मारायचे, अशी पद्धत होती. त्याने ती रंगवली. १८९१ सालच्या ‘हंट्समन अँड डॉग्ज’मध्ये खांद्यावर कातडे टाकून उभा असलेला तरुण आहे. त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद शोधूनही सापडत नाही. १८९२ सालच्या ‘हाउंड अँड हंटर’मध्ये होडीत वाकलेला पोरगा पाण्यातल्या हरणाची शिंगे बांधतो आहे आणि कुत्रा पोहत येतो आहे. पुढच्याच वर्षी खोकडाचे चित्र आले. त्यात शिकारी नाही, कुत्रा नाही, होडी नाही. तीन वर्षांत तीन चित्रे आणि माणूस पुसला गेला.

१८८३पासून होमरचा मुक्काम मेन राज्याच्या किनाऱ्यावर, प्राउट्स नेक नावाच्या खडकाळ भूशिरावर होता. त्याआधी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कलरकोट्स या कोळ्यांच्या गावी दीडेक वर्ष राहून तो समुद्राकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकला होता. प्राउट्स नेकला त्याच्या घराण्याने जमिनी घेतल्या होत्या. तिथला एक जुना घोडागाडीखाना दुरुस्त करून जॉन कॅल्विन स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराने त्याला चित्रशाळा करून दिली. उन्हाळ्यात तिथे पाहुण्यांची वर्दळ असे. हिवाळ्यात सगळे परतले की होमर, समुद्र आणि बर्फ एवढेच उरत. हा माणूस बर्फाकडे सहलीला आला नव्हता. त्यात तो राहत होता, त्यातून चालत होता, लाकडे आणत होता. चित्रातल्या बर्फाचे वजन पायांना जाणवते ते त्यामुळे.

हे चित्र फिलाडेल्फियाच्या एका संस्थेच्या संग्रहात आहे. मी ते तिथे जाऊन पाहिलेले नाही. छापील प्रतींतूनच ते माझ्याकडे आले. ज्यांना प्रत्यक्ष पाहण्याचा योग येईल त्यांनी आधी आकार लक्षात घ्यावा. उंची सुमारे ९६ सेंटिमीटर, रुंदी १७४. पावणेसहा फूट रुंदीच्या त्या कापडावर खोकड जवळजवळ खऱ्या आकाराचे दिसते. पुस्तकाच्या पानावर ते वीतभर होते आणि आपण त्याच्याकडे वरून पाहतो. मुळात तसे नाही. होमरने पाहणाऱ्याची नजर खोकडाच्या पाठीमागे, बर्फाच्या पातळीच्या थोडीशीच वर ठेवली आहे. खोकडाचा चेहरा आपल्याकडे नाही, त्यामुळे केविलवाणे डोळे दाखवून आपल्याकडून दया उकळण्याची सोय चित्रकाराने स्वतःच काढून घेतली आहे. आपल्याला दिसतात ते कान, पाठीची ओढ, आणि बर्फातून उचलू पाहणारा पाय. त्याला समोर काय दिसते आहे तेच आपल्याला दिसते.

आता बर्फाविषयी सविस्तर, कारण आपल्या वाचकाला तो सिनेमातूनच माहीत आहे. सिनेमातला बर्फ खेळायचा असतो. नुकताच पडलेला, दबून घट्ट न झालेला खोल बर्फ म्हणजे चालणाऱ्यासाठी कोरड्या वाळूहून वाईट. प्रत्येक पाऊल आत जाते, प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. तिथल्या काही प्राण्यांना निसर्गाने यासाठी रुंद, केसाळ पंजे दिले आहेत. बर्फातला ससा आणि लिंक्स नावाचे रानमांजर अंगाचे वजन मोठ्या पावलांवर वाटून घेत वरवरच्या थरावरून जातात. खोकडाचे पंजे त्या मानाने लहान, पाय बारीक. पातळ बर्फात ते तरबेज शिकारी असते. बर्फाखालून सरपटणाऱ्या उंदरांची चाहूल नुसत्या कानांनी घेते, हवेत कमान टाकून उडी मारते आणि नाक खुपसून भक्ष्य बाहेर काढते. खोल भुसभुशीत बर्फात तेच अंग त्याचे वैरी होते. उंदीर खोलवर सुरक्षित आणि धावता येत नाही. उपाशी प्राण्याची ताकद चालण्यातच संपते.

आणि वर कावळे. अमेरिकी कावळा अर्धा किलोच्या आतबाहेर वजनाचा, सबंध काळा, आपल्या डोमकावळ्याच्या तोंडवळ्याचा. खोकड त्याच्या सुमारे दहापट जड. जमिनीवर हा सामना होऊच शकत नाही. पण कावळ्याला बर्फ लागत नाही. त्याच्याकडे हवा आहे. शिकारी प्राण्यावर कावळ्यांनी थव्याने येऊन ओरडणे, अंगावर झेपावणे, हैराण करणे हे रोजचे आहे. आपल्याकडेही घुबड किंवा ससाणा दिवसा दिसला की कावळे त्याला धारेवर धरतात. थव्याने मिळून धडधाकट खोकड मारून टाकणे ही वेगळी गोष्ट, आणि ती अशी सहज घडते असे समजू नये. होमरनेही शेवट दाखवलेला नाही. त्याने तो क्षण निवडला ज्यात दोन्ही बाजूंना भूक आहे आणि बर्फामुळे पारडे कावळ्यांकडे झुकले आहे. रक्ताचा थेंब नाही. लाल रंग आहे तो कडेच्या काटेरी काड्यांवरच्या रानगुलाबाच्या फळांत. ती फळे हिवाळाभर टिकतात आणि उपाशी जनावरे ती खातातही. पण पाहणाऱ्याचा डोळा त्या लाल ठिपक्यांवरून खोकडाच्या तांबूस अंगाकडे जातो आणि पुढे काय होणार ते मनाला न सांगता कळते.

मराठी माणूस कावळ्याकडे नुसता पक्षी म्हणून पाहू शकत नाही. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवून त्याची वाट पाहत आपण उभे राहिलेलो असतो. तो शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. त्यामुळे मृत्यूच्या जवळ येणारा कावळा पाहून आपल्या मनात जे हलते, ते होमरच्या देशबांधवांच्या मनात हलले नसेल. हा आपला अर्थ आहे, चित्रकाराचा नाही, एवढे भान ठेवून तो खुशाल जवळ बाळगावा. चित्र मोठे असले की दूरच्या प्रेक्षकाने आणलेली शिदोरीही त्यात सामावते.

हे कावळे होमरला सहजी जमले नव्हते. प्राउट्स नेकच्या आठवणींत एक हकिगत सांगितली जाते. शेजाऱ्याने मारून आणलेले खोकड आणि कावळे होमरने बर्फात मांडून नमुन्यासाठी वापरले. चित्र बरेच पुढे गेल्यावर त्याने ते जवळच्या स्कारबरोच्या स्टेशनमास्तरला, एल्ब्रिज ऑलिव्हरला, दाखवले. ऑलिव्हर रोज कावळे पाहणारा माणूस. त्याने हे कावळे नव्हेत असे तोंडावर सांगितले. होमरने रागावण्याऐवजी कावळे पुसले. मग तो स्टेशनवर गेला, तिथे दाणे टाकून जमवलेल्या जिवंत कावळ्यांची रेखाटने केली आणि त्यावरून पक्षी पुन्हा रंगवले. देशभर नाव झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या चित्रकाराने स्टेशनमास्तरच्या शब्दावर काम खोडावे, यात मला त्याच्या सगळ्या कलेचे मर्म दिसते. मेलेला कावळा मांडून पंखांचा आकार मिळतो. हवेवर तोललेले वजन आणि उतरण्याआधीची पायांची लगबग त्यातून मिळत नाही. हे ज्याला कळते त्याच्याकडे चित्र न्यावे, हे होमरला कळत होते.

बर्फातल्या खोकडाला चित्रकलेत याआधीही जागा मिळाली होती. व्हिएन्नाच्या संग्रहालयात पीटर ब्रूगेलचे १५६५ सालचे ‘हंटर्स इन द स्नो’ आहे. थकलेले शिकारी कुत्र्यांसह टेकडीवरून गावाकडे परततात आणि सगळ्यांच्या दिवसभराच्या कष्टाचे फळ म्हणजे एकाच्या भाल्याला लटकलेले एक काडकुळे खोकड. वर उघड्याबोडक्या झाडांवर काळे पक्षी. बर्फ, खोकड, काळे पाखरू, भूक: होमरच्या चित्रातले सगळे ब्रूगेलकडे आहे, पण तिथे कथा माणसांची आहे. खोकड तिचा तपशील. सव्वातीनशे वर्षांनंतर होमरने त्या भाल्यावरचे खोकड खाली उतरवून चित्राच्या मधोमध जिवंत ठेवले.

त्याच काळात स्वीडनमध्ये ब्रुनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) प्राणी रंगवत होता. त्याचे नाव आपल्याकडे आणखीच कमी ऐकू येते. तो स्वतः शिकारी. खोकड, ससे, घुबडे पाळून त्यांच्या हालचालींचा अभ्यास करणारा. स्टॉकहोमचे जीवशास्त्रीय संग्रहालय १८९३ सालीच उघडले. तिथल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांमागचे विशाल देखावे रंगवण्यात लिल्येफोर्सचा हात होता. त्याने हिवाळी ससे पुन्हा पुन्हा रंगवले. उत्तरेतला तो ससा हिवाळ्यात पांढरा होतो, आणि लिल्येफोर्सच्या चित्रांत तो बर्फात असा मिसळतो की आधी कानांची काळी टोके दिसतात, मग ससा. बर्फ तिथे सशाला लपवतो. होमरच्या चित्रात तोच बर्फ खोकडाला उघडे पाडतो. पांढऱ्या कापडावर पडलेल्या निखाऱ्यासारखे ते दुरून दिसते. दोघांना शेजारी ठेवून पाहणे हा मोठा आनंद आहे आणि पुढच्या एका प्रकरणात तो घेतला आहे.

पेनसिल्व्हेनिया ॲकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्स या फिलाडेल्फियाच्या संस्थेने हे चित्र १८९४ साली विकत घेतले. सार्वजनिक संग्रहात गेलेले होमरचे हे पहिले चित्र. आपल्या देशातली मान्यता त्याला समुद्रावरच्या थरारक चित्रांनी आधीच दिली होती, पण जनतेच्या मालकीचे पहिले चित्र एका खोकडाचे ठरले.

नळीच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, या प्रश्नाचे शेवटचे उत्तर होमरने १९०९ साली दिले. ‘राइट अँड लेफ्ट’ हे त्याच्या अखेरच्या चित्रांपैकी. दोन बदके आकाशात गोळी लागण्याच्या क्षणी, आणि खाली लाटांवर दूरच्या होडीत बंदुकीचा बारीकसा भडका. आपण बदकांच्या जवळ, हवेत आहोत, आणि नळी आपल्याकडे रोखलेली आहे. १८६३ साली तो नेमबाजासोबत झाडावर होता. १८९३ साली खोकडामागे बर्फात उतरला. १९०९ साली बदकांशेजारी गेला आणि पुढच्या सप्टेंबरात, १९१०मध्ये, प्राउट्स नेकच्या त्याच घरात वारला. इतका लांबचा प्रवास एखाद्या माणसाने एकाच प्रश्नाचा हात धरून केलेला क्वचित पाहायला मिळतो. तो वाचकापर्यंत पोहोचावा म्हणून हे पुस्तक लिहिले.

एक विनंती. पहिल्या प्रकरणाआधी चित्राची मोठी प्रत दिली आहे. मजकूर वाचण्यापूर्वी ती पाच मिनिटे पाहा. पुस्तक टेबलावर आडवे ठेवू नका. हातात उभे धरा आणि डोळे खोकडाच्या पाठीच्या रेषेत आणा. बर्फ पांढरा आहे असे धरून चालू नका. त्यातला निळा, करडा, पिवळट रंग मोजा. मग खाली, कोपऱ्यात, होमरची सही शोधा. ती सरळ लिहिलेली नाही. अक्षरे खोकडासारखीच बर्फात बुडत गेली आहेत.